खोब्रागडे काकांना काय न्यायचं

मे महिना लागला की इथे जर्मनीत, येनामधल्या सुपरमार्केटांच्या दारातच एक मांडणी उभी राहते. खाली कोळशाच्या गोण्या, मध्ये चिमटे आणि जाळ्या, आणि वरच्या फळीवर ग्रिलची आवड असणाऱ्यांना भेट द्यायच्या लहान लहान बरण्या. धुराच्या वासाचं मीठ, मध घातलेली मोहरी, कसले कसले सॉस, प्रत्येकाच्या गळ्यात रिबन. परवा लॅबमधल्या एकानं रविवारी घरी ग्रिलला बोलावलं, म्हणून मी त्या फळीसमोर जाऊन उभी राहिले. दहा मिनिटं झाली. एक बाई माझ्या खांद्यावरून हात घालून मोहरीची बाटली घेऊन गेल्या. मला काही ठरवता येईना. शेवटी पाव आणि दूध घेऊन घरी आले.

खोब्रागडे काकांना जाऊन वर्ष उलटून गेलं.

त्यांची माझी ओळख इंगोलश्टाटमधली. मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत मी नुकतीच लागले होते. कॅन्टीनच्या रांगेत माझ्यापुढे एक बुटके, रुंद खांद्यांचे गृहस्थ उभे होते. वळून त्यांनी माझ्या गळ्यातलं ओळखपत्र वाचलं.

"तायडे म्हणजे अकोला की अमरावती?"

"अमरावती."

"जय भीम," ते म्हणाले. मग माझ्या ताटातल्या उकडलेल्या बटाट्यांकडे बघून म्हणाले, "हे बिनमिठाचे आहेत. रविवारी ये. गावाबाहेरच्या तळ्यावर, बारा वाजता. रिकाम्या हातानं ये."

एवढंच. नाव त्यांनी सांगितलंच नाही. ते मला शेजारच्या टेबलावरच्या साबीनेनं सांगितलं. खोब्रागडे, उष्णता चाचणी विभाग, सत्तावीस वर्षं इथेच. मोटारीतले प्लास्टिकचे भाग भट्टीत ठेवायचे आणि ते किती तापल्यावर वाकतात ते बघायचं, हे त्यांचं काम.

रिकाम्या हातानं ये म्हटलं तरी असं कुणाकडे जायची आम्हाला सवय नाही. मी साबीनेला विचारलं, काय नेऊ? ती म्हणाली, "मांस नेऊ नकोस, त्यात तो कुणाचं ऐकत नाही. काहीतरी छोटं ने, खायचं." म्हणून मी लाकडी झाकणाच्या बरणीतलं धुराचं मीठ नेलं. दुकानात अर्धा तास घालवून निवडलं होतं.

तळ्याकाठी नगरपालिकेनं ग्रिलसाठी राखून ठेवलेली जागा आहे. काका तिथे दहालाच हजर असत. लोक बाराला येत. मधले दोन तास त्यांचे आणि कोळशाचे. विस्तवाला ते कधी घाई करत नसत. जाळ पूर्ण बसून वर राखेची पांढरी साय धरेपर्यंत जाळीवर काही ठेवायचं नाही. भट्टीवर नोकरी करूनही इथे थर्मामीटर नव्हता. निखाऱ्यावर तळहात धरायचा आणि मोजायचं, "आइनउंडत्स्वान्त्सिश, त्स्वायउंडत्स्वान्त्सिश." एकवीस, बावीस. सेकंद मोजायला जर्मन माणसं असंच म्हणतात. मी एकदा विचारलं, "काका, माणूस आपल्या भाषेत मोजतो म्हणतात ना?"

"मोजायची पाळी इथंच आली," ते म्हणाले.

आणखी एक वाक्य ते नव्या माणसाला हमखास ऐकवत. "आठवडाभर मी वस्तू बिघडेपर्यंत तापवतो. रविवारी बिघडायच्या आत उतरवतो." स्वतः हसत नसत. समोरचा हसला की चिमटा घेऊन वळत.

मीठ आणि लसूण, याखेरीज ते कशालाच काही लावत नसत. कोंबडीच्या तंगड्या, वांगी, राखेत पुरलेले कांदे. प्रत्येक गोष्ट एकदाच उलटायची. कधी पाच माणसं असत, कधी वीस. नव्यानं आलेले विद्यार्थी, पुण्याकडची आयटीवाली जोडपी, त्यांच्या इमारतीतला येल्माझ आणि त्याची बायको. कोण काय खातं आणि काय खात नाही ते त्यांना एकदा सांगितलं की पुरे. मोटारीच्या डिकीत सहा घडीच्या खुर्च्या होत्या. त्या पाहुण्यांच्या. काका उभे.

माझी मिठाची बरणी त्यांनी दोन्ही हातांनी घेतली. वरचं सगळं वाचलं, बारीक अक्षरातलंसुद्धा. रुमालानं पुसली आणि मोटारीच्या पुढच्या सीटवर नेऊन ठेवली. "छान आहे," म्हणाले.

पुढच्या रविवारी ती जाळीजवळ दिसेल अशी माझी समजूत. दिसली नाही. मग मी अंजिराची मोहरी नेली. मग भाजलेल्या मिरचीची पेस्ट. मग अमरावतीहून आलेली जवसाची चटणी. प्रत्येक वेळी तेच. दोन्ही हात, रुमाल, पुढची सीट, "छान आहे." दर शुक्रवारी संध्याकाळी ग्रुपवर त्यांचा निरोप यायचा, "रविवार. बारा. तळं. रिकाम्या हातानं." आणि दर शनिवारी मी कुठल्या तरी दुकानात फळीसमोर उभी असायची. माणसाला इतकी आवड आहे आणि आपण आणलेलं एकही त्याच्या पसंतीला उतरत नाही, हे मला लागायला लागलं होतं.

पुढच्या फेब्रुवारीत त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. एका बुधवारी फोन आला. "प्रज्ञा, एक काम होतं. छोटंच आहे." घरून पायजमे, वाचायचा चष्मा आणि फोनचा चार्जर आणायचा होता. किल्ली येल्माझकडे.

मी त्यांच्या घरी पहिल्यांदाच जात होते. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, लख्ख. जेवायच्या टेबलाशी एकच खुर्ची. पायजमे मिळाले, चष्मा मिळाला. चार्जर शोधायला मी बोळातलं कपाट उघडलं.

आत वरपासून खालपर्यंत बाटल्या आणि बरण्या. सॉस, मोहऱ्या, मसाले, मिठं. सगळ्यांची झाकणं जशीच्या तशी बंद. प्रत्येकीवर पांढरी पट्टी, आणि तिच्यावर भट्टीच्या नोंदी करणाऱ्या माणसाचं रेखीव अक्षर. "येल्माझ, मुलगी झाली तेव्हा." "साबीने, पाऊस होता, छत्री विसरली." "कुलकर्णी दोघं. पुन्हा आले नाहीत." "चष्म्याचा मुलगा, नाव विचारायचं राहिलं." कितीतरी बाटल्यांची मुदत संपून वर्षं झाली होती. दुसऱ्या फळीवर माझं मीठ होतं. "प्रज्ञा तायडे, पहिला रविवार. हातमोजे नव्हते."

मी कपाट लावलं. चार्जर पलंगामागे सापडला.

हॉस्पिटलमध्ये त्यांनी पिशवी घेतली आणि माझ्याकडे नीट बघितलं. "बोळातलं कपाट उघडलंस."

"चार्जर शोधत होते."

त्यांनी पिशवीतून चष्मा काढून पुसला. "उघडली की संपते," मग म्हणाले. "संपली की बाटली फेकायला जायचं. इथं काच वेगळ्या पिंपात टाकावी लागते, त्याचीही वेळ ठरलेली. केवढा आवाज होतो तो."

"मग आम्ही आणायचं तरी काय?"

"मी तर लिहितो. रिकाम्या हातानं या. कुणी ऐकतं का?"

त्या उन्हाळ्यात माझी आई तीन महिन्यांसाठी आली. ती निवृत्त शिक्षिका आहे, आणि कुठल्याही गोष्टीत तिचा प्रश्न साधा असतो. मी तिला काकांची सगळी हकिकत सांगितली, मिठापासून कपाटापर्यंत. ती म्हणाली, "ते स्वतः काय खातात?"

दीड वर्षात मी त्यांना नीट जेवताना पाहिलंच नव्हतं. सगळे उठल्यावर, जाळी थंड होताना, उरलेलं काहीतरी ते उभ्या उभ्या तोंडात टाकत. रविवारी सकाळी आईनं वरणभात केला, साधं फोडणी न दिलेलं वरण. डब्यात एका कोपऱ्यात लिंबाचं लोणचं, वेगळ्या वाटीत तूप. डबा टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन ती मोटारीत बसली.

तळ्यावर त्या दिवशी दहा-बारा माणसं होती. आईनं एक खुर्ची झाडाखाली लावली.

"भाऊ, बसा."

"एवढं उतरवतो, ताई. मग बसतो."

"ते प्रज्ञा उतरवेल."

"तिला जमायचं नाही."

"करपलं तर करपेल. तुम्ही बसा."

काकांनी चिमटा माझ्या हातात दिला आणि ते बसले. आईनं ताटलीत भात वाढला, त्यावर वरण, वर तूप. काका हातानं जेवायला लागले. मान वर केली नाही. इकडे माझ्याकडून तंगड्या करपायला लागल्या. धूर सरळ त्यांच्या बाजूला गेला, त्यांनी तो पाहिला, आणि तरी ते उठले नाहीत. भात दुसऱ्यांदा मागून घेतला. जेवण झाल्यावर ताटलीत हात धुतला आणि म्हणाले, "ताई, वरण आमच्याकडे असंच करायचे." एवढं बोलून ते जाळीकडे आले, माझी कर्तबगारी पाहिली आणि करपलेल्या तंगड्या मुकाट्यानं एका बाजूला काढल्या.

डबा त्यांनी धुऊन देतो म्हणून ठेवून घेतला. सोमवारी ऑफिसात माझ्या टेबलावर आणून ठेवला. घरी येऊन आईनं उघडला तर आत साखर. काठोकाठ, वर हातानं सपाट केलेली. घासलेला डबा रिकामा परत करायचा नाही, हे इतक्या वर्षांनंतरही त्यांच्या अंगात होतं. आई बराच वेळ तो डबा हातात धरून बसली. "यांच्या घरी कोण होतं?" तिनं विचारलं.

होत्या, सुनंदाकाकू. त्यांच्याबद्दल काका माझ्याशी एकदाच बोलले. काकू आजारानं गेल्या तेव्हा मुलगा, निखिल, चौदा वर्षांचा होता. नंतर त्याला घरात जेवणच जाईना. काकांना स्वयंपाकघरात पाय टाकवेना. एका शनिवारी ते त्याला तळ्यावर घेऊन गेले, स्वस्तातली जाळी आणि सॉसेजची पाकिटं घेऊन. कोळसा पेटता पेटेना. पेटला तेव्हा सॉसेज बाहेरून काळे आणि आतून गार. "निखिल चार खाऊन गेला," काका म्हणाले. "मग मी दर आठवड्याला नेत गेलो. हिवाळ्यातही. तिथं तो जेवायचा." निखिल शिकायला हाम्बुर्गला गेला, तिथेच नोकरीला लागला. काकांचे रविवार तसेच चालू राहिले. तेव्हापासून ते ग्रुपवर निरोप टाकू लागले.

आई परत गेल्यावर सप्टेंबरात निखिल येणार असं ठरलं. दोन वर्षांनी. त्यानं मांस सोडलं होतं, दूधसुद्धा. काकांची जी धांदल उडाली ती मी तोवर पाहिली नव्हती. त्यांनी नवी जाळी घेतली, जिला मांस कधी लागलेलं नाही अशी. तीन संध्याकाळी तळ्यावर एकट्यानं रताळी, भोपळा आणि मशरूम भाजून बघितले. शनिवारी दुकानातून मला फोन.

"प्रज्ञा, कॉफीत घालायला ओटचं दूध असतं, बदामाचं असतं, सोयाचं असतं. कुठलं घेऊ?"

"त्याला विचारा ना."

"विचारलं तर म्हणेल काही नको." मग म्हणाले, "तू अशी फळीसमोर उभी राहायचीस ना? मी आता तसाच उभा आहे."

त्या रविवारी ग्रुपवर निरोप गेला नाही. फक्त मला बोलावलं होतं. "तू असलीस तर बोलणं होईल," असं कारण दिलं. निखिल उंच, शांत, आईच्या चेहऱ्याचा असावा. काका मराठीत विचारत, तो जर्मनमध्ये उत्तर देई.

"गाडीत जागा मिळाली का?"

"जा, आलेस गूट, पापा." हो, सगळं ठीक.

"थंडीचं जाकीट घेतलंस?"

"हाब इश." घेतलंय.

दोघांना एकमेकांचं सगळं कळत होतं. वाक्यं मात्र तेवढ्यावरच थांबत. काकांनी कणसं भाजली, रताळी राखेतून काढली, वांगं सोलून नुसत्या मिठावर दिलं. निखिलनं तीन कणसं खाल्ली. तिसरं खाताना तो सहज म्हणाला, "श्मेक्ट वी फ्र्यूअर." पूर्वीसारखं लागतंय. काका झटकन जाळीकडे वळले आणि निखारे सारखे करत राहिले. सारखं करण्यासारखं तिथे काही नव्हतं.

तीनच्या सुमाराची त्याची गाडी होती. निघताना त्यानं बॅगेतून सॉसची बाटली काढली, स्टेशनवरच्या दुकानातली, किमतीचं लेबल तसंच. "फ्यूर्स ग्रिलेन, पापा." ग्रिलसाठी. काकांनी ती दोन्ही हातांनी घेतली.

दोन आठवड्यांनी काही कागद द्यायला मी त्यांच्या घरी गेले, तेव्हा ती टेबलावर होती. झाकण उघडलेलं, पाऊण बाटली रिकामी. शेजारी साधा पाव.

"चांगला आहे का?" मी विचारलं.

"काही खास नाही," काका म्हणाले. "गोडच जास्त आहे." आणि पावाच्या दुसऱ्या तुकड्यावर ओतला.

पुढच्या वसंतात मला येनाला संशोधनाची जागा मिळाली. निरोपाच्या रविवारी काकांनी मला हातमोजे दिले, आतून लोकरीचे. म्हणाले, तिकडे जास्त थंडी. मी म्हटलं, मी येत राहीन. दोनदा आलेही. मग गाड्या बदलण्यात दिवस जातो म्हणून एक रविवार टळला, मग एक पेपर होता, मग एक परिषद. ग्रुपवर शुक्रवारचा निरोप येत राहिला. आधी त्याखाली सात-आठ अंगठे उमटत. मग तीन. साबीने नोकरी बदलून गेली, येल्माझनं दुसऱ्या गावात घर घेतलं. एका शुक्रवारी मीटिंगमध्ये फोन वाजला म्हणून मी ग्रुपचा आवाज बंद करून टाकला. परत चालू करायचा राहिला.

डिसेंबरात काकांनी फोन केला. "रविवारी येतेस का? कुणी नाहीये."

इतक्या वर्षांत असं ते कधी म्हणाले नव्हते. मला ते तेव्हाच कळलं, आणि तरी मी म्हटलं, "काका, सोमवारी अहवाल द्यायचाय. बघते."

"जा, जा," ते म्हणाले. "काम आधी."

त्यांचं ते 'जा' जर्मन होकार होता की मराठीतलं जा, ते मला कळलं नाही. मी त्या रविवारी गेले नाही. अहवाल मी शनिवारीच पूर्ण केला होता. रविवारी दिवसभर घरी होते, कपडे धुतले, आईशी बोलले.

जानेवारीच्या शेवटी, न कळवता, पहाटेची गाडी धरून गेले. तळ्याचा काठ गोठला होता. लांबूनच धूर दिसला. काका दोन खुर्च्या मांडून, एकीवर बसून होते. निखारे पेटलेले, जाळीवर काही नाही.

"आलीस," ते म्हणाले. आश्चर्य दाखवलं नाही.

"कुणाची वाट बघताय?"

"कुणाची नाही. एकच खुर्ची मांडली तर येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटतं, म्हाताऱ्याला काही झालंय. दोन मांडल्या की कुणी विचारत नाही."

मी दुसऱ्या खुर्चीवर बसले. डिसेंबरबद्दल काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी राखेत दोन रताळी सरकवली आणि म्हणाले, "वीस मिनिटं." ती वीस मिनिटं आम्ही बसून होतो. उन्हाळ्यात ते निवृत्त होणार होते. नागपूरला बहीण बोलावत होती. तिथे गच्ची होती, माणसं होती. "पण निखिल इथं आहे," ते म्हणाले. "येत नाही, ते वेगळं. पण यायचं झालं तर पाच तासांवर आहे." रताळी आम्ही सालासकट खाल्ली, बसून, दोघंही.

मार्चमध्ये निखिलचा फोन आला. त्या दिवशी मी त्याचं मराठी पहिल्यांदा ऐकलं. लहान मुलासारखं, शब्द शोधत. "बाबा गेले," तो म्हणाला. "झोपेत. तुमचा नंबर भिंतीवर लिहिला होता." मग त्याला पुढचं मराठी सापडेना.

जानेवारीच्या त्या दुपारी काका मला स्टेशनवर सोडायला आले होते. नको म्हटलं तरी वर फलाटापर्यंत आले. म्युनिकहून आलेली गाडी खच्चून भरलेली होती. मी चढले, दार लागलं, आणि गर्दीतून वाट काढत पुढच्या डब्यात जाऊन खिडकी गाठेपर्यंत गाडी हलली होती. काका फलाटावर होते, कंपनीच्या निळ्या जाकिटात, टोपी हातात घेतलेली. त्यांनी हात वर केला होता. पण बघत होते ते मागच्या डब्याच्या एका खिडकीकडे, मी तिथे बसलेय असं समजून. मी काच वाजवली. त्यांना ऐकू जाणं शक्य नव्हतं. ते त्या खिडकीकडे बघून मोठं हसले, हात हलवत चार पावलं गाडीबरोबर चाललेसुद्धा. गाडी वळणावर वाकली तेव्हा मला ती खिडकी दिसली. तिथे एक अनोळखी म्हातारी बाई बसली होती. आधी तिनं आजूबाजूला बघितलं. मग तिनंही हात वर केला, आणि ते दिसेनासे होईपर्यंत हलवत राहिली.